डीबगरच्या चाचण्या आणि नाकारलेली परवानगी

चालू प्रोग्रामला मध्येच थांबवायचं, त्याची मेमरी वाचायची, गरज पडली तर बदलायची आणि त्याला पुन्हा सोडून द्यायचं, हे डीबगरचं रोजचं काम. ब्राउझरच्या मेमरीतून पासवर्ड उचलणारा प्रोग्रामही नेमकं हेच करतो. ऑपरेटिंग सिस्टिमला हेतू कळत नाही. कोण कोणाला हात लावतंय एवढंच कळतं. म्हणून गेल्या दीड दशकात लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिघांनीही डीबगरच्या वाटेवर एकेक कुलूप वाढवत नेलं. सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काही नाही. पंचाईत होते ती डीबगर, प्रोफायलर, ट्रेसर अशी साधनं लिहिणाऱ्यांची, आणि त्यातही त्यांच्या स्वयंचलित चाचण्यांची.

चाचणी लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं, चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सीआय सर्व्हरवर लाल, आणि लॉगमध्ये एकच ओळ: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. साधनात बग आहे की यंत्राने परवानगी नाकारली? परवानगीच नाकारली असेल तर निकाल काय लिहायचा: पास, नापास, की आणखी काही? जीडीबी, एलएलडीबी, सीपायथन, गो, गिट आणि खुद्द लिनक्स कर्नल अशा वेगवेगळ्या प्रकल्पांना कधी ना कधी हा प्रश्न पडला आहे. त्यांनी काढलेल्या वाटा आणि त्या वाटांवरचे खड्डे यांचा हा आढावा.

लिनक्सवरची कुलपं

लिनक्सवर डीबगरचं बहुतेक काम ‘पीट्रेस’ या एका सिस्टिम कॉलवर चालतं. त्याचा जुना नियम ढोबळमानाने असा होता: प्रोसेस तुमच्याच युजरची असेल, तर तिला जोडून घ्यायला तुम्ही मोकळे. म्हणजे ब्राउझरमध्ये शिरलेला घातक कोड त्याच युजरच्या एसएसएच एजंटची मेमरीही वाचू शकत होता. हे दार लावण्यासाठी उबुंटूने २०१० साली १०.१० या आवृत्तीत पीट्रेसवर निर्बंध घातला. केस कुक यांचं हे काम पुढे ‘यामा’ या सुरक्षा मॉड्यूलच्या रूपाने २०१२ मध्ये लिनक्स ३.४ मध्ये दाखल झालं.

यामाची ‘पीट्रेस_स्कोप’ ही सेटिंग चार आकडे घेते. ० असेल तर जुना नियम चालू राहतो. १ असेल तर फक्त आपल्या वंशातल्या, म्हणजे आपण जन्माला घातलेल्या प्रोसेसना जोडून घेता येतं. २ असेल तर ‘कॅप-सिस-पीट्रेस’ हा खास अधिकार लागतो. ३ असेल तर कोणालाच परवानगी नाही, आणि एकदा ३ केलं की मशीन रीबूट केल्याशिवाय तो आकडा खाली येत नाही. उबुंटूवर मुळात १ असतो. फेडोरात एलफयुटिल्ससोबतचं एक छोटं पॅकेज तो ० वर ठेवतं. त्यामुळे एकच चाचणी फेडोरावर पास आणि उबुंटूवर नापास होते, आणि दोन्ही ठिकाणी डीबगरचा कोड अक्षरशः तोच असतो.

१ या आकड्यातली गोम नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. डीबगरने प्रोग्राम स्वतः सुरू केला, तर तो त्याचा वंशज ठरतो आणि सगळं सुरळीत चालतं. पण चाचणीचा सांगाडा आधी एक लक्ष्य-प्रोग्राम सुरू करतो, मग वेगळा डीबगर सुरू करतो आणि त्याला लक्ष्याचा पीआयडी देऊन ‘याला जोडून घे’ असं सांगतो, तेव्हा ती दोघं भावंडं असतात, बाप-लेक नव्हे. यामा ते नाकारतो. म्हणून एकाच चाचणीसंचातल्या ‘रन’ प्रकारच्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि ‘अटॅच’ प्रकारच्या सगळ्या पडतात.

पीट्रेस हे एकच कुलूप नाही. ‘पर्फ’ घटना वाचणाऱ्या साधनांसाठी ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ ही वेगळी सेटिंग आहे. लिनक्स ४.६ पासून तिचा मूळ आकडा २ आहे. उबुंटू आणि डेबियन तो त्याहूनही वर ठेवतात. मोझिलात जन्मलेला ‘आरआर’ हा डीबगर प्रोग्रामची धाव नोंदवून ती पुन्हा जशीच्या तशी चालवून दाखवतो. त्याला हा आकडा १ किंवा त्याहून कमी लागतो. शिवाय प्रोसेसरमधले मोजणी-काउंटर आभासी यंत्रात उपलब्ध असावे लागतात. क्लाउडवरच्या स्वस्त यंत्रांत ते अनेकदा नसतातच, आणि मग परवानगी असूनही चाचणी चालत नाही. २०२० मध्ये लिनक्स ५.८ ने ‘कॅप-पर्फमॉन’ आणि ‘कॅप-बीपीएफ’ असे दोन सुटे अधिकार दिले, त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण रूट होण्याची गरज कमी झाली.

कोअर फाइल वाचण्याच्या चाचण्यांचं दुखणं निराळं. प्रोग्राम कोसळल्यावर कोअर कुठे टाकायची हे ‘कोअर_पॅटर्न’ ठरवतं. उबुंटूवर ती सहसा ‘अपोर्ट’कडे पाठवली जाते, अनेक वितरणांत ‘सिस्टिमडी-कोअरडंप’कडे. चाचणी चालू फोल्डरमध्ये कोअर शोधत बसते आणि ती तिथे नसते. इथे कोणी परवानगी नाकारलेली नसते, पण व्यवस्थापकाने घेतलेल्या निर्णयापुढे चाचणी तितकीच हतबल असते. त्यात ही सेटिंग संपूर्ण यंत्राची असल्यामुळे कंटेनरच्या आतून ती वेगळी ठेवता येत नाही.

कंटेनरने वाढवलेला गुंता

आजकाल चाचण्या बहुधा कंटेनरमध्ये चालतात, आणि तिथे आणखी तीन थर चढतात. पहिला सेककॉम्पचा, म्हणजे कोणते सिस्टिम कॉल करता येतील याच्या गाळणीचा. डॉकरच्या मूळ गाळणीत पीट्रेस पूर्वी बंद होता. कारणही सबळ होतं: लिनक्स ४.८ च्या आधी पीट्रेस वापरून ही गाळणीच चुकवता येत असे. कर्नलमधली ती त्रुटी गेल्यावर डॉकर १९.०३ ने ४.८ किंवा त्यापुढच्या कर्नलवर पीट्रेस खुला केला. त्यामुळे जुन्या लेखांतून उचललेली ‘सगळी गाळणीच बंद करा’ ही सूचना आज बहुतेक ठिकाणी अनावश्यक आहे, तरी ती सीआयच्या फाइलींतून नक्कल होत पुढे चाललेली दिसते.

दुसरा थर अधिकारांचा. कंटेनरमधला रूट हा नावाचाच रूट असतो. कॅप-सिस-पीट्रेस हा अधिकार त्याला मुळात दिलेला नसतो. यजमान यंत्रावर यामाचा आकडा १ असेल, तर कंटेनरमधल्या रूटलाही परक्या प्रोसेसशी जोडता येत नाही. ‘मी रूट आहे, मग नकार का?’ हा प्रश्न इथून येतो. तिसरा थर नेमस्पेसचा: प्रोसेस दिसतच नसेल, तर तिच्याशी जोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

एक छोटं उदाहरण जवळून पाहू. जीडीबी प्रोग्राम सुरू करताना पत्त्यांची सरमिसळ, म्हणजे एएसएलआर, बंद करतो, म्हणजे दर वेळी पत्ते तेच येतात. त्यासाठी तो ‘पर्सनॅलिटी’ हा सिस्टिम कॉल करतो. डॉकरची गाळणी या कॉलला ठरावीक आकड्यांनाच परवानगी देते आणि सरमिसळ बंद करणारा आकडा त्या यादीत नाही. जीडीबी एक इशारा छापतो आणि पुढे जातो. डीबगिंग चालू राहतं. पण अपेक्षित छापाई अक्षरशः जुळवून पाहणारी चाचणी त्या एका जादा ओळीमुळे पडते, आणि पक्के पत्ते गृहीत धरणारी चाचणी कधी पास, कधी नापास होत राहते. उपाय सोपा आहे: चाचणीच्या सुरुवातीलाच जीडीबीला सरमिसळ बंद न करण्याची सूचना द्यायची आणि पत्त्यांवर विसंबणाऱ्या तपासण्या चिन्हांच्या नावांवर आणायच्या. इथे परवानगी मागण्यापेक्षा तिची गरजच काढून टाकणं शहाणपणाचं ठरतं.

मॅक आणि विंडोज

मॅकओएसवर दुसऱ्या प्रोसेसचा ताबा ‘टास्क-फॉर-पिड’ या मार्गाने मिळतो, आणि तो मागणाऱ्या डीबगरवर योग्य हक्कपत्र असलेली कोड-सही लागते. स्वतः बांधलेल्या एलएलडीबीच्या चाचण्या चालवायच्या तर स्थानिक प्रमाणपत्र तयार करून त्याची सही करावी लागते, किंवा बिल्ड करतानाच ॲपलने सही केलेला, यंत्रात आधीच असलेला ‘डीबगसर्व्हर’ वापरण्याचा पर्याय निवडावा लागतो. २०१५ च्या एल कॅपिटनपासून ‘सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन’ आलं आणि यंत्रासोबत आलेल्या प्रोग्रामना रूटनेही जोडून घेणं बंद झालं. चाचणीत लक्ष्य म्हणून यंत्रातलाच एखादा तयार प्रोग्राम वापरायची जुनी सवय इथे अंगाशी येते. लक्ष्य स्वतः बांधलेलं असावं, हा धडा त्यातून मिळतो.

मॅकवरची खरी डोकेदुखी मात्र नकार ही नसून विचारणा आहे. डीबगिंगची परवानगी आधी दिलेली नसेल, तर यंत्र पडद्यावर खिडकी उघडून पासवर्ड मागतं. सीआयच्या यंत्रापुढे माणूस नसतो. चाचणी ना पास होते ना नापास. वेळेची मर्यादा संपेपर्यंत लटकते. ‘डेव्हटूल्ससिक्युरिटी’ या आदेशाने ती परवानगी यंत्र उभारतानाच देऊन ठेवणं हा यावरचा रूढ उपाय.

विंडोजवर आपल्याच युजरच्या साध्या प्रोसेसशी जोडायला सहसा अडचण येत नाही. इतरांच्या किंवा सेवांच्या प्रोसेससाठी ‘सी-डीबग’ हा विशेषाधिकार लागतो. तो ॲडमिनिस्ट्रेटर गटाकडे असतो, पण उंचावलेल्या सत्रातच हाती येतो. विंडोज व्हिस्टापासून काही प्रोसेस ‘संरक्षित’ असतात आणि त्यांना ॲडमिनिस्ट्रेटरही हात लावू शकत नाही. सीआयची विंडोज यंत्रं बहुधा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालतात. त्यामुळे तिथे हिरवी दिसणारी चाचणी साध्या वापरकर्त्याच्या यंत्रावर चालेलच, याची हमी देता येत नाही.

एकच एरर, अर्थ अनेक

नकाराचा कोड लिनक्सवर बहुधा ‘ईपर्म’ असतो. त्याच्यामागची कारणं मात्र वेगवेगळी असतात. यामाने अडवलं असेल. गाळणीने अडवलं असेल. लक्ष्य दुसऱ्या युजरचं असेल. लक्ष्य सेटयूआयडी असल्याने कर्नलने त्याला झाकलं असेल. किंवा लक्ष्याला आधीच दुसरा कोणी ट्रेसर जोडलेला असेल, कारण एका थ्रेडला एका वेळी एकच ट्रेसर असू शकतो. या शेवटच्या कारणाचा प्रसिद्ध बळी म्हणजे ‘लीक सॅनिटायझर’. तो स्वतःच पीट्रेस वापरतो, म्हणून ‘स्ट्रेस’ या ट्रेसरखाली किंवा जीडीबीखाली चालवला की तो थांबतो आणि तसं सांगतोही.

यातली काही कारणं यंत्राची असतात, काही साधनातल्या बगची. समजा, डीबगरमध्ये पीआयडी वाचण्यात चूक झाली आणि तो भलत्याच प्रोसेसशी, उदाहरणार्थ १ क्रमांकाच्या, जोडायला गेला. उत्तर ईपर्म. चाचणीत ‘ईपर्म आला तर चाचणी वगळा’ असं लिहिलं असेल, तर ती शांतपणे वगळली जाईल आणि बग वर्षानुवर्षं तसाच राहील. एररचा नुसता कोड पाहून निकाल देणं म्हणूनच धोक्याचं.

कोडही नेहमी खरं बोलत नाही. जुन्या कंटेनर-व्यवस्था गाळणीला माहीत नसलेल्या नव्या सिस्टिम कॉललाही ईपर्मच देत. २०२१ मध्ये ग्लिबसी ही सी-लायब्ररी २.३४ आवृत्तीपासून नवा ‘क्लोन३’ कॉल वापरू लागली तेव्हा हे जड गेलं. ‘असा कॉलच नाही’ असं उत्तर, म्हणजे ‘ईनोसिस’, मिळालं असतं तर ती जुन्या वाटेने गेली असती. ‘परवानगी नाही’ हे उत्तर मिळाल्यावर तिला तसं करता येईना, आणि जुन्या डॉकरवर साधे प्रोग्रामही कोलमडले. उलट बाजूला, क्यूईएमयूच्या युजर-मोड अनुकरणाखाली पीट्रेस मुळात नसतोच, म्हणून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचा कंटेनर चालवला की डीबगरच्या चाचण्यांना ईनोसिस मिळतो. तो नकार नसतो, अभाव असतो. लॉगमध्ये हे दोन वेगळे दिसले पाहिजेत.

कारण शोधायला ‘प्रॉक’ फाइलव्यवस्थेतल्या दोन-तीन ओळी पुरतात. प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलीत ‘ट्रेसरपिड’ शून्य नसेल, तर कोणीतरी आधीच जोडलेलं आहे. ‘सेककॉम्प’ २ असेल, तर गाळणी लागू आहे. ‘कॅपएफ’ या सोळा अंकी आकड्यातला १९ क्रमांकाचा बिट लागलेला असेल, तर कॅप-सिस-पीट्रेस हातात आहे. त्यात यामाच्या फाइलीतला आकडा जोडला की बहुतेक नकारांचं मूळ सापडतं. हे चार आकडे प्रत्येक वगळलेल्या चाचणीच्या कारणासोबत छापावेत. पुढच्या माणसाचा दिवस वाचतो.

प्रकल्पांनी काढलेल्या वाटा

पहिली वाट लक्ष्याकडूनच संमती घेण्याची. यामाने तशी सोय ठेवलेली आहे: ‘पीआर-सेट-पीट्रेसर’ हा कॉल करून एखादी प्रोसेस ‘मला अमुक जण जोडून घेऊ शकतो’ किंवा ‘कोणीही जोडून घ्या’ असं जाहीर करू शकते. मुळात ही सोय क्रोमियम, फायरफॉक्स आणि केडीईच्या क्रॅश-हँडलरसारख्यांसाठी. एलएलडीबीच्या चाचणीसंचाने तिचा नेटका वापर केला. जोडून घेण्याच्या चाचण्यांमधले लक्ष्य-प्रोग्राम सुरुवातीलाच एक छोटा मॅक्रो चालवतात. लिनक्सवर तो हीच संमती देतो, इतरत्र काहीच करत नाही. पण संमती देण्याआधीच डीबगर जोडायला धावला तर नकार ठरलेला. म्हणून लक्ष्य संमती दिल्यानंतर एक फाइल तयार करतं आणि चाचणी ती फाइल दिसेपर्यंत थांबते. पाच सेकंद झोपून नशिबावर हवाला ठेवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची. पीट्रेस_स्कोप १ असताना ही वाट पुरते. २ आणि ३ ला मात्र नाही.

दुसरी वाट यंत्राची सेटिंगच बदलण्याची. सीआयवर पासवर्डशिवाय सूडो असेल, तर पीट्रेस_स्कोप ० करायला एक ओळ लागते. वापरून फेकून द्यायच्या आभासी यंत्रात ते ठीक. पण ही सेटिंग कंटेनरपुरती नसते; सामायिक यंत्रावर ती बदलली की शेजारच्या प्रत्येक कामाचं संरक्षण उतरतं. कंटेनरला ‘प्रिव्हिलेज्ड’ करणं त्याहून वाईट, विशेषतः अनोळखी लोकांनी पाठवलेले बदल तिथे चालवले जात असतील तर. नेमका एक अधिकार देऊन भागत असेल तर तेवढाच द्यावा. जीडीबीच्या फाइलीवरच कॅप-सिस-पीट्रेस चिकटवून ठेवण्याचा सल्लाही अधूनमधून दिसतो. त्याने यंत्रावरच्या प्रत्येक युजरला इतरांच्या प्रोसेसमध्ये डोकावता येतं, म्हणून तो मानू नये.

तिसरी वाट आधी चाचपून पाहण्याची. गिटच्या चाचणीसंचात ‘पूर्वअट’ ही कल्पना आहे. तिथली ‘सॅनिटी’ नावाची अट फाइलींच्या परवानग्या या यंत्रावर खरोखर पाळल्या जातात का, हे करूनच बघते. रूट म्हणून चालत असाल तर ती पुरी होत नाही आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या चाचण्या वगळल्या जातात. एलएलव्हीएमच्या ‘लिट’मध्ये चाचणी स्वतःच आपल्या गरजा वरच्या ओळीत जाहीर करते. या वाटेवरचा एक बारीक खड्डा डीबगरवाल्यांनी लक्षात ठेवावा. चाचपणीत तुम्ही एक मूल जन्माला घातलं आणि त्याच्याशी जोडून पाहिलं, तर यामा १ असतानाही ते जमेल आणि तुम्ही ‘परवानगी आहे’ असा निष्कर्ष काढाल. प्रत्यक्ष चाचणीत डीबगर भावंडाशी जोडणार असेल, तर ती पडेल. चाचपणीत नातं तेच हवं जे चाचणीत असणार आहे.

चौथी वाट चाचणी चालवून नकार आला तर वगळण्याची. गोच्या मानक लायब्ररीच्या चाचण्यांसाठी एक अंतर्गत सहायक फंक्शन आहे; ते एरर पाहून ‘हा सिस्टिम कॉल इथे उपलब्ध नाही’ असं ठरवतं आणि त्यात ईपर्मही धरतं, कारण तो एकतर रूट नसल्यामुळे किंवा कंटेनरच्या धोरणामुळे आलेला असू शकतो. ‘आपण कंटेनरमध्ये आहोत का?’ हे खाणाखुणांवरून ओळखण्यापेक्षा हे बरं. कंटेनर ओळखण्याच्या युक्त्या दर काही वर्षांनी शिळ्या होतात. सीपायथनमध्येही हेच दिसतं. पायथन ३.१४ ने पीईपी ७६८ नुसार चालू प्रोसेसशी बाहेरून जोडून घेण्याची अधिकृत सोय दिली. पाब्लो गालिंडो साल्गादो हे तिच्या लेखकांपैकी एक. चालू प्रोसेसची मेमरी बाहेरून वाचणाऱ्या तिथल्या चाचण्या परवानगीचा अपवाद पकडतात आणि ‘स्टॅक वाचायला पुरेशी परवानगी नाही’ अशा अर्थाचं कारण देऊन स्वतःला वगळतात. कारण स्पष्ट लिहिलेलं असणं हा या नमुन्याचा गुण. अपवाद पकडण्याचा घेर किती ठेवायचा, ही त्याची कसोटी. जोडून घेण्याच्या एका ओळीभोवती घेर असेल तर ठीक. सगळ्या चाचणीभोवती असेल, तर वर सांगितलेला चुकीच्या पीआयडीचा बग त्यात आरामात लपतो.

पाचवी वाट पूर्ण आभासी यंत्रात आपलाच कर्नल घेऊन रूट म्हणून चालण्याची. मेटामधील ओमार सँडोव्हाल यांनी लिहिलेला ‘ड्रगन’ हा डीबगर चालू कर्नलच्या पोटात पाहतो. त्याच्या चाचण्या क्यूईएमयूमध्ये निरनिराळ्या आवृत्त्यांचे कर्नल सुरू करून त्यांच्या आत चालतात. तिथे कोणाची परवानगी मागायची नसते, कारण घर आपलंच असतं. वेळ जास्त लागतो, उभारणी किचकट होते. पण कर्नलपातळीवरच्या साधनांना दुसरी प्रामाणिक वाट नाही. २०१९ मध्ये लिनक्स ५.४ ने ‘लॉकडाउन’ आणल्यापासून तर कडक अवस्थेत रूटलाही कर्नलची मेमरी वाचता येत नाही.

तिसरा निकाल आणि त्याची किंमत

पंचनाम्याला गेलेल्या हवालदाराला फाटकावरच अडवलं, तर त्याने ‘आत काही सापडलं नाही’ असंही लिहू नये आणि ‘गुन्हा घडला’ असंही लिहू नये. ‘आत जाऊ दिलं नाही’ एवढंच लिहावं. चाचणीच्या चौकटींनी हा तिसरा निकाल फार पूर्वी ओळखला होता. जीडीबीच्या चाचण्या ज्यावर चालतात ती ‘डेजाग्नू’ चौकट पॉझिक्स १००३.३ या मानकाला धरून पास आणि नापास यांच्या पलीकडे ‘असमर्थित’, ‘न तपासलेली’ आणि ‘अनिर्णित’ असे निकाल वेगळे ठेवते. ऑटोमेक वगळण्यासाठी ७७ हा एक्झिट कोड मानतं आणि स्ट्रेसच्या चाचण्या तोच वापरतात. कर्नलच्या स्वतःच्या चाचण्यांत तो ४ आहे. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये त्याला ‘टीकॉन्फ’ म्हणतात.

‘अपेक्षित नापास’ हा शिक्का मात्र इथे वापरू नये. तो माहीत असलेल्या बगसाठी आहे. परवानगीच्या नकारावर तो मारला, तर मोकळ्या यंत्रावर तीच चाचणी ‘अनपेक्षित पास’ म्हणून बोंब मारते आणि कोणीतरी तपासाला लागतं.

तिसऱ्या निकालाचं खरं दुखणं पुढे आहे. वगळलेली चाचणी हिरवीच दिसते. ऑटोमेक असो, पायटेस्ट असो वा डेजाग्नू, वगळण्यामुळे एकूण धाव नापास होत नाही. सीआयची प्रतिमा बदलली, नवं वितरण आलं, कोणीतरी कंटेनरचा एक अधिकार काढला, आणि ‘अटॅच’च्या सगळ्या चाचण्या एका रात्रीत वगळल्या जाऊ लागल्या, तरी पडद्यावर काहीच बदलत नाही. पुढे साधनात बग शिरतो, तो हिरव्या निकालासकट वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो. परवानगीमुळे लाल झालेली चाचणी त्रास देते खरी, पण निदान कोणीतरी तिच्याकडे पाहतं. हिरव्या पोकळीकडे कोणीच पाहत नाही.

यावर मला दिसलेला सगळ्यांत चोख उपाय गिटचा आहे. ‘गिट_टेस्ट_रिक्वायर_प्रीरेक’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पूर्वअटींची यादी देता येते. त्या यादीतली एखादी अट चाचणीत लागली आणि पुरी झाली नाही, तर चाचणी वगळली न जाता सगळी धावच थांबते. म्हणजे घरच्या लॅपटॉपवर सौम्य आणि ठरलेल्या सीआय यंत्रावर कडक, असं दुहेरी वागणं एकाच चाचणीसंचात जमतं. डीबगरच्या कोणत्याही प्रकल्पाला हे दहा-वीस ओळींत करता येईल: ‘या यंत्रावर अटॅच जमलंच पाहिजे’ असं सांगणारं एक व्हेरिएबल, आणि ते असेल तेव्हा वगळण्याऐवजी नापास.

उलटी बाजू आणि साफसफाई

नकार नीट हाताळणं हेही डीबगरचं काम आहे, आणि ते क्वचितच तपासलं जातं. उबुंटूवरचा जीडीबी जोडू शकला नाही तर पीट्रेस_स्कोप तपासायला सुचवतो आणि कोणती फाइल पाहायची तेही सांगतो. हा संदेश नेमका हवा तेव्हा येतो का, हे पाहायला नकार मिळेल याची खात्री असलेली परिस्थिती उभी करावी लागते. कंटेनरमध्ये रूट म्हणून चालणाऱ्या चाचणीला फाइलींचा नकार सहजासहजी मिळतच नाही. वाचण्याची परवानगी काढून घेतलेली फाइलही रूट वाचतो. अशा चाचण्या साध्या युजरने चालवल्या पाहिजेत. पीट्रेसचा खात्रीचा नकार हवा असेल तर सोपी युक्ती आहे: लक्ष्याला आधी दुसराच ट्रेसर जोडून ठेवायचा. त्याला यामा, कंटेनर किंवा अधिकार यांपैकी कशाचीच गरज नसते, आणि एकच ट्रेसर हा नियम रूटलाही सुटत नाही.

साफसफाईचंही तसंच. जोडणी अर्धवट होऊन चाचणी वगळली गेली, तर लक्ष्य थांबलेल्या अवस्थेत मागे राहतं आणि सीआयचं काम तासभर लटकतं. लिनक्स ३.८ पासून ट्रेसर मेला की लक्ष्यही मरावं अशी पीट्रेसची सोय आहे. चाचणीतल्या लक्ष्यांना ती लावावी, आणि वगळण्याच्या प्रत्येक वाटेवर लक्ष्याला संपवण्याची ओळ आहे ना, हे तपासावं.

मग करायचं काय?

या सगळ्या वाटा पाहिल्यावर माझं मत असं: परवानगीची गरज जिथे टाळता येते तिथे आधी टाळावी, लक्ष्य आपलं असेल तर त्याच्याकडूनच संमती घ्यावी, उरलेल्या ठिकाणी, चाचणीत असणार आहे तेच नातं ठेवून चाचपणी करावी आणि कारणासह वगळावं. एवढं बहुतेक प्रकल्प आज करतात. न करता राहून जातं ते शेवटचं पाऊल: निदान एका ठरलेल्या यंत्रावर वगळण्याला बंदी. ते नसेल तर बाकीची सगळी काळजी म्हणजे नकाराला शोभेलसा पडदा लावणं आहे.

तुमच्या प्रकल्पात डीबगर, प्रोफायलर किंवा ट्रेसर यांच्या चाचण्या असतील, तर आजच सीआयचा लॉग उघडा. पायटेस्ट वापरत असाल तर ‘आरएस’ हा पर्याय लावून वगळलेल्या चाचण्यांची यादी कारणांसह छापा. इतर चौकटींतही तशी सोय असते. त्या यादीतल्या प्रत्येक चाचणीसमोर ती नक्की कोणत्या यंत्रावर चालते ते लिहा. ज्या ओळीसमोर कोणत्याच यंत्राचं नाव लिहिता येणार नाही, ती चाचणी तुमच्याकडे नाही असं धरा आणि तिच्यासाठी एक यंत्र मिळवा.